मोडनं का?

"मोडनं का?" अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं.

मी नाही म्हणालो.

"मंग?"

गेल्या दिवाळीतली धनत्रयोदशीची रात्र. साडेअकरा वाजून गेले होते. आमच्या चोपडा तालुक्यातल्या घरात दिवाळीला ओसरी कधी मोकळी नसते. भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवलेला असतो आणि ढिगाच्या कडेनं उरेल त्या जागेत माणसं बसतात, जेवतात, झोपतात. पहिल्या वेचणीचा कापूस पावसात सापडलेला, त्यामुळे त्याला ओलसर आंबूस वास येत होता. आत माय शेव पाडत होती, त्या तेलाचा वास त्यात मिसळत होता. कापसातल्या किड्यांनी माझे हात कोपरापर्यंत खाजत होते. समोर अप्पांचा कॉम्प्युटर, शेजारी स्टुलावर लेझर प्रिंटर. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला, कागद भरलेला, टोनर नवरात्रात चोपड्याहून भरून आणलेला. बटण दाबून धरलं की तो स्वतःचं चाचणीचं पान काढून द्यायचा, गरमगरम. म्हणजे रोलर, ड्रम, हीटर सगळं जागच्या जागी होतं. फक्त मी दोन दिवस खपून टाकलेल्या नव्या सिस्टिममधून त्याला काही पाठवलं की तो ढिम्म. पडद्यावर 'फिल्टर फेल्ड' अशी ओळ यायची आणि पान रांगेतच अडकून राहायचं.

अप्पांनी त्या रात्री पुन्हा काही विचारलं नाही. चष्मा काढला, बनियनच्या कडेनं पुसला, परत लावला आणि आत निघून गेले. मी जळगावला परतलो, नोकरी सुरू झाली, पण ते 'मंग' काही डोक्यातून जाईना. वस्तू बिघडली तर दुरुस्त होते, दुरुस्त होत नसेल तर भंगारात जाते, हे अप्पांच्या पिढीला पक्कं ठाऊक आहे. सायकल, मोटार, कंदील, रेडिओ, सगळ्यांचं असंच. काहीही मोडलेलं नसताना एखादी वस्तू निकामी होते, हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगायचं?

अप्पा २०१० मध्ये प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून त्यांनी पहिली खरेदी केली ती कॉम्प्युटरची. कारण एकच. ऐंशीच्या दशकापासून ते अहिराणी शब्द गोळा करत होते. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून केलेल्या चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एक शब्द, खाली अर्थ, त्याखाली उदाहरणाचं वाक्य. उदाहरणं ते पुस्तकातून घेत नाहीत, घरातलीच घेतात. 'आठे'ची, म्हणजे 'इथे'ची, चिठ्ठी काढली की तिच्यावर माझ्या आजीचं बोलणं सापडतं, 'बठ्ठा'च्या (सगळा) चिठ्ठीवर नानांचं, म्हणजे धाकट्या काकांचं, आणि 'आंडोर'च्या (मुलगा) चिठ्ठीवर मी काय उद्योग केला होता तेही. बुटांच्या सात खोक्यांत या चिठ्ठ्या रचलेल्या. उंदीर, वाळवी आणि पावसाळा यांच्यापासून त्या वाचवायच्या म्हणून कॉम्प्युटर आला, मग स्कॅनर, मग प्रिंटर.

सुरुवातीची दोन वर्षं अप्पांनी एका जुन्या धाटणीच्या फाँटमध्ये टाइप केलं. त्या फाँटमध्ये पडद्यावर 'क' दिसायचा, पण फायलीत साठायचं भलतंच इंग्रजी चिन्ह. फाँट असलेल्या मशिनवर सगळं सुरळीत. एकदा विंडोज नव्यानं टाकावं लागलं, त्या फाँटची सीडी सापडली नाही, आणि 'अ' ते 'औ' एवढ्या शब्दांच्या जागी कंस, अॅम्परसँड, टक्क्याची चिन्हं अशी चाळीस पानं उरली. अप्पा ती पानं वर-खाली सरकवत बसले होते ते मला अजून दिसतं. रागावले नाहीत. चिठ्ठ्यांचं पहिलं खोकं पुन्हा उघडलं आणि 'अ'पासून टंकायला बसले. त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे या घरात युनिकोडच, म्हणजे कुठल्याही मशिनवर 'क' हा 'क' म्हणूनच साठेल अशी पद्धत, चालेल आणि ज्या सिस्टिमची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे ती चालणार नाही.

२०१२ च्या उन्हाळ्यात मी डेबियन टाकलं, लिनक्सवर उभी असलेली, कोणा एका कंपनीच्या मालकीची नसलेली मोफत सिस्टिम. सहावी आवृत्ती होती. प्रोसेसर ६४ बिटचा, म्हणजे नव्या धाटणीचा, असूनही मी जुन्या धाटणीची ३२ बिटची सिस्टिम निवडली, कारण रॅम अवघी दोन जीबी, आणि प्रिंटरच्या कंपनीनं लिनक्ससाठी दिलेला ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांचं बोलणं जुळवणारा प्रोग्रॅम, फक्त ३२ बिटचा होता. त्या दुपारी पारा पंचेचाळीसच्या पुढे असावा; कूलरमधलं पाणीसुद्धा कोमट झालेलं. सिस्टिम बसली आणि इंटरनेटसाठी मोबाइल कंपनीचा डोंगल लावला, तर कॉम्प्युटर म्हणतो ही सीडी ड्राइव्ह आहे. तसे डोंगल तेव्हा असेच यायचे. आधी स्वतःला सीडी म्हणवून घ्यायचे, म्हणजे त्यांच्यातला विंडोजचा ड्रायव्हर बसवता येईल. त्यांना मोडेम व्हायला लावणारं यूएसबी-मोडस्विच नावाचं एक छोटं पॅकेज लागायचं. ते पॅकेज इंटरनेटवर, आणि इंटरनेट त्या डोंगलमध्ये. शेवटी दीडच्या एसटीनं मी चोपड्याला गेलो, कॅफेत बसून पॅकेज आणि त्याला लागणाऱ्या आणखी दोन फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, उसाचा रस प्यायलो आणि चारच्या गाडीनं परत. डोंगलचा निळा दिवा लागला तेव्हा अप्पांनी देव्हाऱ्यातली साखर आणून माझ्या हातावर ठेवली.

त्यानंतर दर दोन वर्षांनी एक अपग्रेड. सातवी, आठवी, नववी. डेबियनमध्ये मधली पायरी गाळून उडी मारायची नसते, प्रत्येक आवृत्तीतून जावंच लागतं. या आवृत्त्यांना खेळण्यांची नावं असतात, एका बालचित्रपटातल्या खेळण्यांची. अप्पांना त्याचं फार कौतुक. आणि डेबियन हे नाव १९९३ मध्ये इयान मर्डॉकनं आपलं आणि आपल्या त्या वेळच्या मैत्रिणीचं, डेब्राचं, नाव जोडून केलंय हे सांगितल्यावर त्यांनी ते वहीत टिपून ठेवलं होतं, 'जोडशब्द' या मथळ्याखाली. आठव्या आवृत्तीच्या वेळी ऐन अपग्रेडमध्ये वीज गेली. हजारभर पॅकेजं उलगडून पडलेली, निम्मी जुनी, निम्मी नवी, आणि यूपीएसची बॅटरी मेलेली. अंधारात मी, अप्पा आणि माय ओसरीत बसलो होतो. मायनं विचारलं, अप्पांचे शब्द गेले का? शब्दांची प्रत पेनड्राइव्हवर होती, तरी माझा घसा कोरडा पडला होता. पहाटे तीनला वीज आली. काळ्या पडद्यावर एकच आज्ञा दिली, अर्धवट राहिलेली कामं पूर्ण कर म्हणून. ओळींमागून ओळी वर सरकत राहिल्या आणि उजाडेपर्यंत सगळं मार्गी लागलं. इतका विश्वास मी फार थोड्या यंत्रांवर टाकला असेल.

गेल्या दिवाळीत, नव्या सिस्टिमच्या कामाला लागण्याआधी, नानांबरोबर मळ्यात गेलो होतो. केळीच्या एका बागेची कटनी संपत आली होती आणि पील ठेवायचं की नवती लावायची, यावर त्यांचा निर्णय होत नव्हता. केळीवाल्यांना हे सांगायला नको, पण शहरात वाढलेल्यांसाठी एवढंच, की केळीचा घड कापला की ते झाड संपतं. मात्र त्याच कंदातून पिलं फुटतात. त्यातलं एक जोमदार पील राखलं की पुढचं पीक त्यावर घेता येतं. रोपांचा खर्च वाचतो, मुळं जमिनीत रुजलेलीच असतात, घडही लवकर येतो. नवती म्हणजे सगळं उपटून, जमीन तयार करून, टिश्यूकल्चरची नवी रोपं. पिलबाग स्वस्त, पण पिलावर पील घेत गेलं की घड उतरतात आणि मागच्या पिकाचा रोग पुढच्यात येतो. नाना एका खोडापाशी उकिडवे बसले, पिलाची तलवारीसारखी निमुळती पानं बोटांनी चाचपत म्हणाले, आता सीएमव्ही या विषाणूरोगाचं भय आहे, यंदा नवती लावावी लागेल. मग जरा थांबून म्हणाले, पण हे पील सोन्यासारखं आलंय रे भो.

मी तेव्हा काही बोललो नाही. माझ्या मनात डेबियनची तेरावी आवृत्ती होती.

ती ९ ऑगस्ट २०२५ ला आली. दर वेळी मी तिच्यासोबतची टिपणं नीट वाचतो, तशी याही वेळी वाचली. त्यात एक परिच्छेद ३२ बिटच्या पीसीवाल्यांसाठी होता. यापुढे त्यांच्यासाठी कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, नाही, इन्स्टॉलर नाही. ३२ बिटची पॅकेजं राहतील ती फक्त ६४ बिटच्या सिस्टिमवर जुने प्रोग्रॅम चालवण्यापुरती. जिथे शक्य आहे तिथे ६४ बिटची सिस्टिम नव्यानं टाका, नाहीतर ते यंत्र निवृत्त करा. भाषा साधी, कोरडी, योग्यच. पण 'निवृत्त' या शब्दापाशी मी अडलो. निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं यंत्र. फोनवर अप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मी निवृत्त झालो तेव्हापासून तर काम सुरू केलं."

मला डेबियनवाल्यांचा राग येत नाही. ३२ बिटची यंत्रं आता फारशी कोणी तपासत नाही, आणि जे तपासलं जात नाही ते चालतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. लिनक्सची सुरुवातच १९९१ मध्ये, ते लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सच्या ३८६ या ३२ बिटच्या प्रोसेसरवर झाली, आणि त्याच ३८६ चा आधार डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून काढण्यात आला. तो बदल त्यानं स्वतः स्वीकारला. एका वास्तूत जन्म झाला म्हणून ती कायम झाडत राहणं सगळ्यांना जमत नाही, मला कळतं ते. शिवाय वेळेची अडचण आहे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत जाणारं ३२ बिटचं घड्याळ २१४७४८३६४७ या आकड्याशी संपतं. तो क्षण आपल्याकडे १९ जानेवारी २०३८ च्या मंगळवारी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी येईल, आणि पुढच्या सेकंदाला ते घड्याळ मागे जाऊन डिसेंबर १९०१ मध्ये पडेल. डेबियननं तेराव्या आवृत्तीत बाकी सगळीकडे हे घड्याळ रुंद केलं, ३२ बिटच्या पीसीचं तसंच ठेवलं, कारण ते बदललं असतं तर ज्या जुन्या प्रोग्रॅमसाठी ती पॅकेजं राखली तेच बंद पडले असते. अप्पांना हे सांगितल्यावर ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, १९०१ म्हणजे माझ्या आज्याच्या वेळचं साल. त्याला कोणते शब्द येत असतील, सगळे येत असतील.

तर नवतीच लावायची होती. वसुबारसेच्या सकाळी कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरवरच्या पंख्यात कापसाचा तंतू आणि धूळ मिळून पातळ गोधडीसारखा थर जमला होता. बोटानं उचलला तर अखंड निघाला, पात्यांचा आकार त्यावर उमटलेला. पंधरा वर्षांचा कापूस. कुठल्या साली भाव पडला होता, कुठल्या साली बोंडअळी आली होती, ते सगळं त्यात असणार. मी तो थर कागदावर ठेवला, ब्रशनं पाती झाडली, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट खरवडून नवी लावली. जळगावच्या जुन्या बाजारातून आणलेली दोन जीबीची पट्टी बसवली, नवी एसएसडी लावली, आणि जुनी हार्ड डिस्क तिच्या जागी तशीच राहू दिली. ती का ठेवली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

इन्स्टॉलर सुरू झाला आणि वाय-फायचा डोंगल क्षणात ओळखला गेला. २०१२ ची ती एसटी आठवली. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून ठरवलं, की ज्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिखाण, खुला नाही असं फर्मवेअरही, म्हणजे उपकरणांच्या पोटात चालणारे प्रोग्रॅमही, अधिकृत इन्स्टॉलरमध्ये द्यायचं, म्हणजे माणसाला पहिल्याच पायरीवर अडायला नको. बाराव्या आवृत्तीपासून ते आलं. मी त्या वेळी या निर्णयानं अस्वस्थ झालो होतो. इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी हट्ट धरला ती सोडली, असं वाटलं. अन् आता गावातल्या ओसरीत तो दिवा आपोआप लागला तेव्हा मला हायसंही वाटलं. दोन्ही भावना खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी मनात आहेत.

मग अप्पा बसले. त्यांचं टंकन इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या रचनेत, डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं. नवी सिस्टिम आली की ते पहिली चाचणी एकाच शब्दावर घेतात. 'ऱ्हायना'. शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू. अहिराणीत 'करी ऱ्हायना', 'जाई ऱ्हायना' असं बोलता बोलता शंभरदा येतं, आणि या 'ऱ्ह'चा कोयत्यासारखा र नीट उमटला नाही तर सगळा संग्रह लंगडा. उमटला. पण अप्पांची मान हलली नाही. पडद्याजवळ जाऊन म्हणाले, "हा ल आपला नाही." बघतो तर खरंच, ल आणि श हिंदी वळणाचे. आपला दोन गोल पाकळ्यांचा ल नव्हता, श ची शेंडीही वेगळी. मी मजकुराची भाषा बघितली, ती हिंदी होती. मराठी केली, आणि त्याच फाँटमधले सगळे ल आणि श एका क्षणात वळण बदलून उभे राहिले. फाँट करणाऱ्या कोणीतरी कधीतरी मराठीसाठी ही दोन अक्षरं वेगळी काढून आत ठेवली होती. अप्पांनी त्या ल वर बोट ठेवलं, पडद्यावरच.

स्कॅनरचं मला भय होतं. तो २०११ चा. माझ्या चुलतभावाच्या नव्या लॅपटॉपवर तो चालत नाही, कारण कंपनीनं पुढच्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढलाच नाही. इथे वायर लावली, स्कॅनिंगचा प्रोग्रॅम उघडला, आणि आतली नळी करकरत जागी झाली. 'ग'च्या खोक्यातली एक चिठ्ठी काचेवर ठेवली, ती पिवळसर, कडेला वाळवीनं कुरतडलेली चिठ्ठी पडद्यावर हळूहळू उतरत आली. कंपनीनं सोडून दिलेलं हे यंत्र चालतं ते स्कॅनरसाठी खुले ड्रायव्हर लिहिणाऱ्या सेन नावाच्या प्रकल्पामुळे. रात्री मी त्या स्कॅनरच्या बॅकएंडचं, म्हणजे सेनमधल्या त्याच्या ड्रायव्हरचं, माहितीपान उघडून पाहिलं. तळाशी एका अनोळखी माणसाचं नाव. अशा कामात बहुतेकदा कंपनीचा एक कागदही हातात नसतो. वायरीतून काय जातं आणि काय येतं ते ऐकत बसायचं, दिवा लागताना कोणते आकडे गेले, काच सरकताना कोणते, हे टिपत जायचं आणि त्यातून त्या यंत्राची बोली उकलायची. त्या माणसानं खानदेश नकाशावर तरी पाहिला असेल का? त्याच्या टिपणांवर आमच्या आजीचं बोलणं कॉम्प्युटरात येतं.

प्रिंटरचं मात्र तसं कोणी केलं नव्हतं. त्याची बोली त्याच्या कंपनीलाच ठाऊक, आणि कंपनीनं दिलेला ड्रायव्हर म्हणजे ३२ बिटमध्ये घट्ट शिवलेली एक गाठोडी, आतलं काही दिसत नाही. मी ६४ बिटमध्ये ३२ बिटचा थर बसवला. गाठोडीनं एक जुनी लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारी तयार फाइल, मागितली, ती तेराव्या आवृत्तीत नव्हतीच. बाराव्यातली उचलून आणली, तर तिला आणखी दोन हव्या होत्या. त्याही आणल्या. ड्रायव्हर बसला, प्रिंटर यादीत दिसला, हिरवी खूण आली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असेल, इतका आनंद झाला. 'छापा' म्हटलं. फिल्टर फेल्ड. ती रात्र, पुढचा दिवस, आणि धनत्रयोदशीची ती रात्र. कापसाच्या ढिगाला पाठ टेकून मी नोंदीच्या फायली वाचत होतो, दर वेळी एक नवी चूक सापडायची, ती दुरुस्त केली की तिच्यामागे दुसरी. आणि अप्पा मागे येऊन उभे राहिले.

मोडनं का?

मला त्यांना सांगायचं होतं, की यंत्र धडधाकट आहे, फक्त त्याच्याशी बोलता येणारं कोणी या नव्या घरात उरलं नाही. पण हे वाक्य अप्पांसमोर माझ्या तोंडून निघेना. ज्या माणसानं चाळीस वर्षं चिठ्ठ्या केल्या, कारण त्याच्या आईबरोबर तिचे शब्द बोलणारं घरात कोणी उरेल की नाही याची त्याला धास्ती होती, त्याला हे प्रिंटरवरून समजवायचं? माझी मुलगी अप्पांशी फोनवर बोलताना 'शे' आणि 'काबरं' एवढे दोनच शब्द मुद्दाम वापरते, आजोबांना बरं वाटावं म्हणून. मी स्वतः जळगावला 'जयगाव' म्हणणं कॉलेजच्या पहिल्या वर्षी सोडलं, वर्गात कोणीतरी हसलं होतं म्हणून. कोणी माझ्याकडून ते काढून घेतलं नव्हतं. मीच पुढची आवृत्ती टाकली आणि मागचं चालतंय का ते पुन्हा तपासलं नाही.

नवा प्रिंटर घेऊन देतो म्हणालो. पाडव्याची ओवाळणी समजा. अप्पांनी हातानंच नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि उघड्या कॅबिनेटमधल्या जुन्या हार्ड डिस्ककडे बोट केलं. "तठे काय शे?"

तिथे जुनी सिस्टिम होती. बारावी आवृत्ती, सात पिढ्यांची पिलबाग, २०१२ च्या त्या कंदातून आलेली, ३२ बिटची, तिच्या पोटात प्रिंटरचा तो ड्रायव्हर शाबूत. मी तिला निकामी धरून मोकळा झालो होतो. अप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे तेले. छापाले चाली."

म्हणून आता त्यांचा कॉम्प्युटर सुरू झाला की काळ्या पडद्यावर ओळी दिसतात. वरच्या ओळीत तेरावी आवृत्ती, काही केलं नाही तर दहा सेकंदांत तीच उघडते. तिच्याखाली बारावी. तिचं इंटरनेट मी बंद करून टाकलं आहे, म्हणजे सुरक्षेची काळजी फारशी उरत नाही. अप्पा लिहितात वरच्या सिस्टिममध्ये, पीडीएफ करून एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवतात, मग कॉम्प्युटर बंद-चालू करून खाली बाण दाबतात, खालच्या सिस्टिममधून छापतात आणि पुन्हा वर येतात. वहीत त्यांनी हे सगळं क्रमानं लिहून ठेवलंय, बाण काढून. मला हे ओबडधोबड वाटतं. असं कोणाला शिकवणार नाही मी. एक दिवस ती जुनी डिस्क बंद पडेल, तेव्हा काय, हा प्रश्न आहेच, आणि तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर करून ठेवायचं काम माझ्या यादीत अजून तसंच पडून आहे.

नानांनीही शेवटी अर्ध्या बागेत नवती लावली आणि अर्ध्यात पील राखलं. पिलाच्या घडांचं वजन किती भरतं ते आता कटनीलाच कळेल.

माघात अप्पांचा फोन आला. "छपाई व्हयनी," एवढंच म्हणाले आणि मायकडे फोन दिला. चार दिवसांनी पोस्टानं जाड पाकीट आलं. 'क' ते 'ग', नव्वदेक पानं, एका बाजूनं छापलेली, डाव्या कडेला दोऱ्यानं शिवलेली. टोनरचा वास अजून होता, आणि त्याच्या खाली, नाक जवळ नेलं तर, कापसाचा. मी पानं उलटत गेलो. ल आपले होते. 'ऱ्ह'चा कोयता सगळीकडे धारदार होता. शेवटच्या पानाच्या मध्यावर एक शब्द होता, जो मी गंजणाऱ्या लोखंडासाठी आणि मायच्या दुधाच्या भांड्यासाठीच वापरत आलो. त्याचा आमच्या बोलीतला अर्थ कधी मागे पडला ते मला कळलंच नव्हतं.

'गंज (वि.) पुष्कळ, खूप. उदा. गंज दिन व्हयनात, तू उना नही.'